गिरणगावची हजेरी

माझे सासरे स्मारकावरची नावं दिसली की हजेरी घ्यायचे. गंमत म्हणून सांगत नाही, खरोखरची हजेरी. हात पाठीमागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज असा की शेजारच्या क्रीकमधली, म्हणजे ओढ्यातली, बदकं दचकावीत. "ए. बर्टन!" मग थोडं थांबायचं. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं. "गैरहजर!" पुढचं नाव. "जी. कोल!... गैरहजर!" अशी शेवटच्या नावापर्यंत हजेरी व्हायची. मग माझ्याकडे वळून निकाल: "सगळं खातं गैरहजर, मुग्धा. शंभर वर्षं. आणि कुणी मेमो दिलेला नाही!"

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा बाजूला एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती. तिला वाटलं म्हातारा प्रार्थना म्हणतोय. तिने मान खाली घातली, कुत्र्यालाही बसवलं. मी मास्कच्या आत हसू दाबत होते. त्या दिवसापुरते मास्कचे आभार.

अप्पा सोलापूरचे. तिथल्या एका सूतगिरणीत ते टाइमकीपर होते. गेटवर बसायचं आणि कोण वेळेवर आला, कोण उशिरा, कोण दांडी मारून सिनेमाला गेला, हे बघायचं. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण अप्पांच्या डोक्यातलं गेट उघडंच राहिलं. ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला आम्ही नवीन घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला म्हणून ते फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले. वास्तूची शांती झाली आणि जगाची गेली. मार्चमध्ये विमानं बंद.

इतर लोकांना त्या काळात टॉयलेट पेपरची काळजी होती. अप्पांना एकच होती: भाऊ. भाऊ म्हणजे त्यांचा थोरला सख्खा भाऊ. दोघांची घरं शेजारी शेजारी, मधली भिंत एक, दोघांच्याही बायका देवाघरी गेलेल्या. संध्याकाळी दारातल्या कट्ट्यावर बसून भांडणं हा दोघांचा संसार. भाऊंनी जन्मभर त्याच गिरणीत कापूस पिंजला होता, त्यामुळे छाती भरलेली. चार वाक्यं बोलले की पाचव्याला खोकला. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे आठ. रोज दुपारी अप्पा फोन लावायचे आणि भाऊ पलीकडून विचारायचे, "कधी यायलास बे?" अप्पा म्हणायचे, "आलो की." मग फोन ठेवून माझ्या नवऱ्याला, अमोलला, "विमानाचं काय झालं?" एकदा सीट मिळाली ती रद्द झाली. दुसऱ्यांदा मिळाली तर डॉक्टर म्हणाले, स्टेंट आहे, आत्ता एवढा प्रवास नको. अप्पांना घरी जायचं होतं, भाऊच्या शेजारी कट्ट्यावर बसायचं होतं. बाकी कशातच त्यांना रस नव्हता.

म्हणून मी त्यांना चालायला न्यायला लागले. आमच्या हाऊसिंग इस्टेटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, बघण्यासारखं काय? सगळी घरं एकाच साच्यातली. अप्पा दोनदा शेजारच्या पंजाब्याच्या गॅरेजमध्ये शिरले होते. पण क्रीकच्या काठाने चालत गेलं की एक जुनं गाव लागतं. तिथे पूर्वी लोकरीची गिरणी होती. आता गिरणीची एक चिमणी, थोड्या लाल विटांच्या भिंती आणि लाकडी घरांची एक रांग उरलीय. चिमणी दिसल्याबरोबर अप्पा थांबले. "अगं, हे तर गिरणगाव की!" त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गावाला हेच नाव. खरं नाव मी सांगणार नाही, का ते पुढचं वाचलंत की कळेल.

गिरणगावात माणसं कमी आणि पाट्या जास्त. तिथल्या इतिहास मंडळाने दिसेल त्या वस्तूला पितळी पाटी ठोकलेली. "येथे गिरणीचा पहिला बॉयलर होता." अप्पा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "होता! नाही त्याची पाटी? मग माझ्या डोक्यावर लावा की, येथे केस होते." एका हौदाला पाटी, की यावर मालगाडीचे घोडे पाणी पीत. "घोड्यांची सोय कळली. कातणीखात्यातल्या बायका कुठं पाणी प्यायच्या, ती पाटी कुठाय?" मॅनेजरच्या बंगल्याला भली मोठी पाटी, कामगारांच्या घरांना मिळून एक. अप्पा खूश झाले. "बघ, सोलापूर काय नि इथं काय, साहेबाचं सगळं सेपरेट." एका झाडाखाली लिहिलं होतं की हे कुण्या गव्हर्नरच्या बायकोने लावलं. खाली बारीक अक्षरांत, की मूळ झाड वाळल्यामुळे हे नंतर लावलेलं आहे. तिथे तर अप्पांनी झाडाची पाठच थोपटली. "बदली कामगार! काम हा करतो, नाव बाईचं!"

आणि गावाच्या मधोमध ते स्मारक. गिरणीतले जे कामगार पहिल्या महायुद्धात गेले आणि परत आले नाहीत, त्यांचं. वालुकाश्माचा चौथरा, त्यावर खांब, खांबाला पितळी पत्रा, पत्र्यावर उठावाची नावं. शेजारी एक जुनी तोफ. अप्पांचं तत्त्व असं, की मस्टरात नाव असून काय उपयोग, माणूस खात्यात पाहिजे. ते हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचे, कधी राजकारणाबद्दल, कधी झूमवर कॅमेरा बंद करून बसणाऱ्या माझ्या टीमबद्दल. स्मारकाबद्दल तर होतंच. "पोरं पुरली फ्रान्सात आणि दगड इथं. हे म्हणजे लग्न सोलापुरात आणि जेवणावळ पुण्यात." मी म्हटलं, "अप्पा, हळू बोला." ते म्हणाले, "का? हे मराठी शिकून गेलेत का?"

त्या पत्र्यावर एक गोष्ट त्यांना खटकायची. सगळी नावं काळपट हिरवी, आणि मधलं एकच, "ए. पेल", सोन्यासारखं चकचकीत. अप्पांनी पहिल्याच दिवशी निदान केलं. "वशिला. ह्या पेलचा कुणीतरी नातेवाईक कमिटीत असणार. आपल्याच नावाला पॉलिश मारतोय बघ!"

त्यांचं निदान अर्धं बरोबर होतं, पण ते कळायला दसरा उजाडावा लागला.

दसऱ्याच्या दिवशी मी सकाळी मीटिंगमध्ये होते. अमोल वरच्या खोलीत, त्याच्या मीटिंगमध्ये. आमची मुलगी ईरा ऑनलाइन शाळेच्या सवयीने शनिवार-रविवारीही आयपॅडवर. हो, रविवार होता, तरी मीटिंग होती. आयटीवाल्यांना नवल वाटणार नाही. बाहेर आले तर अप्पा फिरून परतलेले, अंघोळ झालेली, कपाळाला गंध, चेहऱ्यावर मोठं समाधान. "झाली पूजा," म्हणाले. मी आपली समजले, अमोलच्या गाडीची. गाडीला खरंच हार होता. मी म्हटलं, वा.

दुपारी आमच्या भागाच्या फेसबुक ग्रुपवर आग लागली. कुणीतरी गिरणगावच्या स्मारकाचा फोटो टाकलेला. तोफेवर आणि चौथऱ्यावर लाल डाग. खाली शेकडो लोक पेटलेले: "रक्त फासलंय!" "शरम नाही वाटत?" "कॅमेरे तपासा!" त्या वर्षी जगभर पुतळ्यांवर रंग टाकणं चाललं होतं, त्यामुळे लोक आधीच तापलेले. मी फोटो मोठा केला. तोफेच्या नळीला झेंडूचा हार. तो झेंडू माझ्या परसातला. खाली फुटका नारळ. आणि चौथऱ्यावर विसरलेली स्टीलची ताटली, तिच्यावर कोरलेलं माझ्या आईचं नाव.

"अप्पा!"

"काय झालं?"

"तुम्ही तोफेला हळदकुंकू वाहिलंत?"

"मग? आज दसरा की. शस्त्रपूजा नको? इथल्या लोकांना तर पत्ताच नाही, बिचारी तोफ पावसात गंजायली. मी म्हटलं, आपण तरी करावी."

अमोल जिन्यावरून धडधडत खाली आला. त्याचा चेहरा पांढरा पडलेला. अप्पांच्या व्हिसाची मुदतवाढ अजून मंजूर व्हायची होती. "अप्पा, हे वॉर मेमोरियल आहे! पोलीस केस होईल! डिपोर्ट करतील तुम्हाला!"

अप्पांचे डोळे असे चमकले की गेल्या आठ महिन्यांत मी तसे पाहिले नव्हते. "खरंच? डिपोर्ट म्हणजे तिकीट त्यांचं ना? सोलापूरपर्यंत सोडतात का मुंबईलाच उतरवतात?" आणि उठून टोपी शोधायला लागले. "चल मुग्धा, गुन्हा कबूल करून टाकू."

आम्ही गाडीने गेलो. स्मारकापाशी एक ऐंशीच्या पुढचा, काटकुळा, लाल मानेचा म्हातारा बादली आणि ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसलेला. हा डग. इतिहास मंडळाचा सेक्रेटरी, स्मारकाचा राखणदार, आणि त्या बहुतेक पाट्यांचा कर्ता. अप्पा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, मास्क खाली ओढला आणि त्यांच्या गिरणीच्या इंग्रजीत म्हणाले, "सर, आय ॲम द कल्प्रिट. काइंडली डिपोर्ट मी."

डगने वर बघितलं. मी घाईघाईने सगळं सांगितलं: आमचा सण, हत्यारांची पूजा, गाडीला हार, संगणकाला हार, लाल पावडर म्हणजे रक्त नाही तर मान. डग ऐकत होता. मग तो ब्रशने तोफेकडे बोट करून म्हणाला, "मेट, ही तोफ आपली नाहीये. जर्मनांची आहे. पकडून आणलेली. याच तोफांनी ही पोरं मारली. आणि तू तिला फुलं घातलीस?"

मी भाषांतर केलं. अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी तोफेकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, पत्र्यावरच्या नावांकडे पाहिलं. "अरारारा," ते म्हणाले. "शत्रूच्या तोफेची पूजा केली की मी! नारळही दिला! भाऊला सांगू नको हं, जन्मभर चिडवेल." मग गंभीरपणे, हात जोडून, नावांकडे तोंड करून, "माफ करा रे पोरांनो. चुकून झालं."

ते हात जोडणं बघून डग जरा निवळला. पण डिपोर्ट करायला साफ नकार दिला. "नो चान्स. तू घाण केलीस, तू घासायचं." त्याने दुसरा ब्रश पुढे केला. हळद वालुकाश्मातून सहजी निघत नाही, हे त्या दिवशी दोघांनाही कळलं. त्यामुळे अप्पा रोज सकाळी घासायला जाऊ लागले, डग शेजारी उभं राहून चुका काढू लागला, आणि डाग फिका होता होता दोघांचं जमून गेलं. डग इंग्रजीत शिव्या द्यायचा, अप्पा सोलापुरीत. भाषांतर लागायचं नाही. मी शेजारी बाकावर लॅपटॉप उघडून "ऑन कॉल" असायचे. फेसबुकवर डगनेच लिहिलं, की रक्त नव्हतं, एका म्हाताऱ्या माणसाने जरा जास्तच आदर दाखवला, आता गप्प बसा. लोक गप्प बसले. दसऱ्याचं राहिलेलं सोनं म्हणून अप्पांनी त्याला रस्त्यावरच्या झाडाची, आपट्यासारखी जुळी पानं दिली. इथे ती झाडं फुटपाथवर ढिगाने असतात. डगने ती निमूटपणे टोपीत ठेवली.

ए. पेल, म्हणजे आर्थर पेल, हा डगचा सख्खा काका निघाला. अप्पा मला कोपराने ढोसून म्हणाले, "बोललो नव्हतो? वशिला!" मी त्याचं भाषांतर केलं नाही.

एप्रिलमध्ये अँझॅक डे आला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा इथला दिवस. आदल्या वर्षी सगळे आपापल्या ड्राइव्हवेवर मेणबत्ती घेऊन पहाटे उभे राहिले होते, आणि अप्पा समई घेऊन, "मेणबत्ती काय, वाढदिवस आहे का?" असं म्हणत. या वर्षी मोजक्या लोकांना स्मारकापाशी परवानगी होती. डगने अप्पांचं आणि माझं नाव घातलं होतं. डग एकेक नाव वाचत गेला. प्रत्येक नावानंतर शांतता. आणि त्या प्रत्येक शांततेत माझ्या कानाशी हळूच, "गैरहजर." मी त्यांचा हात दाबला. त्यांनी आवाज आणखी कमी केला, पण एकही नाव सोडलं नाही.

त्याच आठवड्यात सोलापुरात भाऊंना ताप आला.

ते दिवस भारतातल्या कुणालाच सांगायला नकोत. बेड नाही, ऑक्सिजन नाही, फोन उचलणारं कुणी नाही. एका भाच्याने धावपळ करून त्यांना दवाखान्यात घातलं. अप्पा फोन हातात घेऊन डायनिंग टेबलाशी बसून राहायचे. भाऊंशी एकदाच बोलणं झालं. व्हिडिओवर मास्कच्या वर नुसते डोळे. "कधी यायलास बे?" अप्पा म्हणाले, "आलो की. बॅग भरली." दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला. सगळं संपलं होतं. पुढचं सगळं महापालिकेच्या माणसांनी केलं. घरच्या कुणालाही आत सोडलं नाही. कुणी शेवटचं पाहिलं नाही, कुणी खांदा दिला नाही.

अप्पा रडले नाहीत. ते म्हणाले, "बरं," आणि खोलीत गेले.

दहाव्याला सोलापूरच्या गुरुजींनी झूमवर विधी सांगितले. गुरुजी पहिला अर्धा तास म्यूटवर होते. एरवी अप्पांनी त्यावर आठवडाभर करमणूक केली असती. त्या दिवशी ते नुसते बघत बसले. मग म्हणाले, "भाऊला ऐकू आलं नसणार." चालायला जाणं बंद झालं. हजेरी बंद झाली. घरात इतकी शांतता की मला त्या माणसाचा आवाज हवा हवा वाटायला लागला, ज्या आवाजापायी मी दोनदा कानात बोळे घालून कोड लिहिला होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. भाऊंना मी फक्त लग्नात पाहिलं होतं. मी अप्पांसाठी रडत होते.

एका सकाळी डग दारात. कुठून पत्ता काढला देव जाणे. ड्राइव्हवेवर लांब उभा राहून ओरडला, "व्हेअर्ज द ओल्ड बगर?" मी सांगितलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाहेर आण त्याला."

आम्ही तिघे स्मारकापाशी गेलो. डग आर्थर पेलच्या नावासमोर उभा राहिला. म्हणाला, "याला विचार, हे नाव कशाने चकाकतं असं याला वाटतं." मला फार लाज वाटली, पण विचारलं. अप्पा उदासपणे म्हणाले, "पॉलिश."

"मी आयुष्यात या पत्र्याला पॉलिश लावलेलं नाही," डग म्हणाला. "माझी आजी गिरणीत विणकामाला होती. तिचा मुलगा फ्रान्समध्ये गेला. शरीर सापडलंच नाही. कबर नाही. असती तरी ती कुठली जायला, एवढ्या लांब? तर शिफ्टला येता-जाता ती त्याच्या नावावर बोटं फिरवायची. येताना एकदा, जाताना एकदा. मरेपर्यंत. मग माझ्या वडिलांनी चालू ठेवलं, भावासाठी. आता मी. मी तर त्याला पाहिलेलाही नाही."

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. शेवटचं वाक्य होईतो अप्पांना कळलं होतं. ते पुढे झाले. पत्र्याच्या अगदी जवळ जाऊन त्या झिजलेल्या अक्षरांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "याला विचार, यांच्यात कुणाला कुणीच नाही असा कोण आहे?"

डगला विचार करावा लागला नाही. त्याने खालच्या कोपऱ्यातल्या एका नावावर बोट ठेवलं. टी. मॉस. इंग्लंडहून एकटा आलेला पोरगा, गिरणीच्या बोर्डिंगात राहायचा. मागे कुणी नाही. त्याच्यासाठी इथे कधी कुणी आलेलं नाही.

अप्पांनी टी. मॉसच्या नावावर हात ठेवला, सगळा पंजा. "आलो बे," ते म्हणाले, "उशीर झाला." आणि मग ते रडले, मोठ्याने, नाक ओढत, रस्त्यात, लोकांदेखत. डग तोफेकडे तोंड करून उभा राहिला आणि खिशातला रुमाल न बघताच मागे अप्पांच्या दिशेने धरला. सोशल डिस्टन्सिंग वगैरे सगळं गेलं खड्ड्यात.

जरा वेळाने अप्पांनी डोळे पुसले, हात पाठीमागे घेतले आणि घसा खाकरला. "ए. बर्टन!" थांबले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, समोरच बघत म्हणाले, "बाहेरगावी. पगार चालू." जी. कोल, बाहेरगावी, पगार चालू. असं शेवटपर्यंत. परत येताना मला म्हणाले, "मी चुकीचा शेरा मारत होतो गं. गिरणीच्या कामानं माणूस मुंबईला पाठवला, तर त्याला आम्ही गैरहजर धरायचो नाही. तो खात्यात नसला तरी कामावरच असतो. टाइमकीपरला एवढं समजू नये?"

त्यानंतर अप्पा रोज जायला लागले. टी. मॉसचा मॉसभाऊ झाला. नावावर बोटं फिरवत फिरवत अप्पा त्याच्याशी भांडायचे. "काय मॉसभाऊ, भारत हरला की काल. तू तिकडं बसून काय करायलास?" "शेंगाची चटणी आणलीय, डग खाईना. तिखट लागते म्हणे. युद्धं करतात आणि चटणी सोसत नाही." कधीकधी खोकल्याची नक्कल करून भाऊंची वाक्यंही स्वतःच म्हणायचे. बाकावर बसलेल्या डगला वाटायचं, म्हातारा मजेत आहे. होताच तो मजेत. पाट्यांची टिंगलही पुन्हा सुरू झाली. मंडळ नव्या पाटीसाठी विषय शोधत होतं, तर अप्पांनी मजकूरच दिला: "येथे एका सोलापूरकराने शत्रूला नारळ दिला." डगने तो खरोखरच बैठकीत मांडला आणि हरला.

सीमा उघडल्या तसे अप्पा निघाले. विमानतळावर जाताना गाडी गिरणगावात थांबवली. डगचा हात हातात घेऊन म्हणाले, "मॉसला रोज हात लावायचा. नुसतं आपल्या काकाचं बघू नको. वशिला नको." हे मात्र मी भाषांतरित केलं. डग म्हणाला, "नो वरीज."

सोलापूरला जाऊन अप्पा कट्ट्याच्या आपल्या अर्ध्या भागावर बसायचे, भाऊंचा अर्धा मोकळा सोडून. कुणी तिथे बसायला लागला की हाकलायचे. फोनवर आधी विचारायचे, "मॉसभाऊ कसाय?" मग ईरा, मग आम्ही. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत दुपारचे झोपले ते उठले नाहीत. अमोल मिळेल ते विमान पकडून गेला, तरी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. मी इथेच होते, ईराची परीक्षा होती. सकाळभर घरात काय करावं सुचेना. शेवटी चपला घातल्या आणि क्रीकच्या काठाने निघाले.

डग बाकावर होता. आता वॉकर घेऊन येतो. मी सांगितलं. त्याने चौथऱ्याकडे मान हलवली. मी जवळ गेले. आर्थर पेल नेहमीसारखा चमकत होता. आणि खालच्या कोपऱ्यात टी. मॉस. हिरवटपणा पार गेलेला, टी आणि एमच्या कडा पिवळ्याधमक.

"रोज," डग म्हणाला. "पाऊस असला तरी. तो फोनवर विचारेल म्हणून भीती वाटायची."

मी मॉसभाऊंच्या नावावर पंजा ठेवला. पितळ उन्हाने तापलं होतं. डगने मागून विचारलं, "ते तो ओरडायचा ना, ते तुला येतं?"

मला येत होतं. मी हात पाठीमागे घेतले आणि घसा खाकरला. बदकं दचकतील एवढा आवाज काही निघाला नाही, पण मी पहिल्यापासून सगळी नावं घेतली, एकही सोडलं नाही. टी. मॉसनंतर पत्रा संपतो. मी थांबले नाही.

"अप्पा!"

डाव्या-उजव्या बाजूला मी पाहिलं नाही.

"बाहेरगावी. पगार चालू."